गायरानावरची सातशे पावलं

२००५, ऑक्टोबरचा दुसरा रविवार, सकाळी सात. ठिकाण: हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावबाहेरचं गायरान. हजर: चाचा, मी, गिरणीवाले दत्तराव, तांड्यावरच्या सोनीबाई आणि त्यांची सून. काम: खडे वेचणे. शेळ्याही होत्या, त्यांची नोंद नाही.

अशा नोंदींच्या दोन वह्या माझ्याकडे आहेत. मी गावच्या शाळेत शिक्षिका, हजेरी घेण्याची सवय. चाचांनी ती अचूक हेरली होती. "बाई, तुमी फकस्त नाव मांडा. नाव लिवलं जातंय म्हनलं की मानूस येतो." माणसं खरंच येत गेली.

चाचा हवाई दलात मेकॅनिक होते. नव्वदच्या दशकात निवृत्त होऊन गावी आले आणि बाजाराच्या रस्त्यावर विहिरीच्या मोटारी दुरुस्त करू लागले. हातात काम असताना कोणी आलं की मान वर न करता एक बोट हवेत गोल फिरवायचे आणि म्हणायचे, "येक गिरकी मारून या." गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं.

हे शब्द त्यांनी ईशान्येच्या डोंगरातून आणले होते. तिथल्या खेड्यांना रस्ता नव्हता. होती ती डोंगरावर सपाट केलेली गवताची पट्टी. विमान वर आलं आणि खाली जनावरं असली, तर वैमानिक एक गिरकी मारायचा. तेवढ्यात गाव पट्टी मोकळी करायचं. "त्यात कोनाचा अपमान न्हाई. खाली मानसं राहतात, येळ लागतोच."

एका शनिवारी मी त्यांना सातवीच्या वर्गावर बोलावलं. त्यांनी फळ्यावर त्या डोंगरातल्या पट्ट्यांवर उतरणारं विमान काढलं. तिकडे आधी एकाच इंजिनाचं होतं, ते बंद पडलं की संपलं. म्हणून पुढे दोन इंजिनांचं आलं. पंख अंगाच्या वर, म्हणजे पंख्याची पाती जमिनीपासून उंच राहतात. पंखांच्या मागच्या फळ्या खाली झुकवल्या की ते हळू उडूनही पडत नाही, म्हणून थोड्या जागेत उतरतं आणि थोड्या जागेत उठतं. खुर्च्या काढल्या की मीठ, रॉकेल, कोंबड्या. परतताना त्याच जागी आजाऱ्याचं स्ट्रेचर. एका मुलीने विचारलं, आत संडास असतो का. "न्हाई. घरून जाऊन बसायचं," चाचा गंभीरपणे म्हणाले.

आता गायरानाबद्दल. पावसाळ्यात हिंगोलीच्या वाटेवरचा नाला चढला की जीपा थांबत. एका श्रावणात चाचांच्या बायकोला, आमच्या आपांना, अर्धांगाचा झटका आला आणि नाल्याअलीकडे जीपमध्येच दुपार गेली. आपा वाचल्या, डावा हात गेला. पुढच्याच आठवड्यात चाचा गायरानावर पावलं मोजताना दिसले. सातशे भरली. सहाशे चाळिसाव्या पावलावर एक काळा दगड होता, म्हशीएवढा, अर्धा जमिनीत.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडून पहिला अर्ज लिहून घेतला: आजाऱ्यांना नेण्यासाठी गायरानावर छोट्या विमानाची धावपट्टी मंजूर करावी. मग दरवर्षी एक. खडा उडाला तर पात्याला लागतो, म्हणून दर रविवारी खडे वेचायचे. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून आपांच्या लाल ओढणीची पिशवी शिवून बांबूला लावली. आपा हसायच्या. "मह्यासाठी इमान आनून राहिले. घरात मिक्सर न्हाई."

एक गोष्ट आम्ही हिशेबात धरली नव्हती. खडा नसलेली, ठोकून सपाट केलेली एवढी जागा गावात दुसरी नव्हती. लोकांनी तिथे खळी केली. लाल पिशवीकडे बघून धान्य उफणू लागले. चाचा आधी चिडले, मग त्यांनी जागा आखून दिल्या. यादी अर्थात माझ्याकडे.

त्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने काढलेलं सोयाबीन भिजवलं. आणि नेमकं तेव्हाच पत्र आलं: मंगळवारी जिल्ह्याचे साहेब धावपट्टीची जागा पाहायला येणार. पाच-सहा वर्षांच्या अर्जांना आलेलं पहिलं उत्तर.

सोमवारी दुपारी मी यादी घेऊन चाचांच्या दुकानात गेले. अठरा घरांचं सोयाबीन पट्टीवर होतं, माझ्या दिराचंही. संध्याकाळपर्यंत घरोघर जाऊन उचलायला लावते, असं मी म्हटलं. चाचांनी हातातली मोटार बाजूला ठेवली. माझ्याबरोबर गायरानावर आले. सोनीबाईंच्या ढिगात हात घालून मूठभर दाणे काढले, दाबून पाहिले.

"वल्लं हाय. आज गोळा केलं तर काळं पडंल."

"आणि साहेब?"

"साहेब सरकारी हायेत, पुन्हा येतील. हे पुन्हा यायला साल लागतंय. राहू द्या, बाई."

मंगळवारी साहेब आले. पट्टीच्या टोकाला जीप थांबली. पुढे सातशे पावलं पिवळं सोयाबीन पसरलेलं. साहेबांनी विचारलं, धावपट्टी कुठे आहे? चाचांनी सलाम केला आणि म्हणाले, "हीच, साहेब. दोन दिवस लागतील. येक गिरकी मारून या." साहेबांना वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. त्यांनी लिहिलं: जागा खळ्यासाठी वापरात. जीप गेली. चाचा ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग वाकून सोयाबीनमधून एक खडा उचलला आणि खिशात टाकला.

दोन वर्षांनी चाचा गेले. तोवर नाल्यावर पूल झाला होता. जनाजा गायरानाच्या कडेने गेला, आणि सोनीबाईंनी वाटेतलं आपलं खळं आधीच आवरून ठेवलं होतं.

शेवटच्या रविवारी त्यांनी मला तीन कामं लिहायला सांगितली होती. एक, लाल पिशवी फाटली आहे, नवी लावणे. आपांनी ओढणी दिली, लावली. दोन, साहेबांना पुन्हा पत्र. पाठवलं, उत्तर नाही. तीन, सहाशे चाळीस पावलांवरचा दगड काढणे. दत्तराव म्हणाले होते, पेरण्या झाल्या की ट्रॅक्टर आणतो. त्यानंतर कितीतरी पेरण्या झाल्या. दगड बाकी आहे.