पाटीपासून साठ पावलं

माझ्या थोरल्या नणंदबाई फरशी बसवतात. यजमान पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी त्यांची थापी आणि रबरी हातोडी उचलली. यजमान गेले, हातोडी राहिली. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत आणि ओट्यांखाली गुडघ्यांवर काढली त्यांनी. आता छप्पन्न वर्षांच्या आहेत, माझ्या जेमतेम खांद्याला लागतात, आणि उठताना त्यांचे गुडघे असे कडकन वाजतात की नवा माणूस दचकतो. ताई त्याला सांगतात, "घाबरू नका, फरशी नाही फुटली."

सात वर्षांपूर्वी त्या एका मोठ्या घरात काम करत होत्या. घरमालक गिर्यारोहण मंडळाचे सचिव. दिवाणखान्यात भिंतभर नकाशा होता आणि त्यावर अकरा लाल टाचण्या. चहा पिताना ताईंनी विचारलं, हे काय म्हणून. सचिव म्हणाले, "आपल्या प्रांतात जिल्हे अकरा. प्रत्येकातली सगळ्यात उंच जागा आहे ही. निम्म्या ठिकाणी धड वाट नाही, आमचे लोक दोर घेऊन जातात." मग ताईंच्या सिमेंटने माखलेल्या कोपरांकडे बघून हसले. "तुमचं आपलं जमिनीवरचं काम बरं."

ताईही हसल्या. न्हाणीघरात परत जाताना त्यांनी त्या अकरा जागा फरशीच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने लिहून घेतल्या.

त्यानंतर सुट्टी आली की ताई गायब. शेवटच्या थांब्यापर्यंत बस, पुढे विचारत विचारत पायी. या जागा काही नावाजलेली शिखरं नव्हेत. एक दगडखाणीच्या मागे होती, एक काटेरी रानात अशी दडलेली की आपण पोचलो हेच कळायचं नाही. एका ठिकाणी पोचायला ताईंना तीन खेपा लागल्या, कारण पुलाचा फक्त नकाशात पत्ता होता. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, वैतागायचा.

"वर आहे काय एवढं?"

"काही नाही."

"मग जातेस कशाला?"

"खाली तरी काय आहे रे?"

डॉक्टरांनी कागदावर गुडघ्यांची चित्रं काढून जिनेसुद्धा चढू नका म्हणून बजावलं. ताईंनी चित्रं नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि त्याच आठवड्यात सातवी जागा केली.

दहा झाल्या. अकरावी अडली. ती उंच माळावर होती. माळ सरकारी, पण तिथे जाणारा सोपा रस्ता एका खासगी फळबागेतून. बागेला लोखंडी फाटक, फाटकावर पहारेकरी. "मंडळाची चिठ्ठी असेल तरच सोडतो," तो म्हणाला. ताई मंडळाच्या कचेरीत गेल्या. सचिवांनी त्यांना ओळखलं.

"दहा केल्यात? पुरावा?"

"पुरावा कशाला? मी गेले होते ना."

"चिठ्ठी फक्त सभासदांना मिळते. आणि सभासद व्हायला वैद्यकीय दाखला लागतो." त्यांनी टेबलाखाली ताईंच्या गुडघ्यांकडे नजर टाकली. "ही जागा सोडून द्या. दहा म्हणजे काही थोडं नाही."

ताई घरी आल्या त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "मागच्या बाजूने घळ आहे. ती कुणाच्या बापाची नाही."

घळीतून त्या एकट्याच गेल्या आणि संध्याकाळी तशाच परत आल्या, फाटलेल्या बाह्या आणि ओरबाडलेलं तोंड घेऊन. वरच्या टोकाला पुरुषभर उंचीचा खडक आडवा आला होता. पाय टेकायला खाच होती, पण गुडघा तेवढा मुडपत नव्हता. आठ तास चालून दोन हातांसाठी मागे फिरल्या. "खालून कुणीतरी ढकलायला हवं होतं," माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मी पाणीपुरवठा खात्यात टंकलेखिका. माझी सगळ्यात मोठी चढाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं दप्तर. पण नणंदेला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या "दहा म्हणजे काही थोडं नाही"ने माझंही डोकं फिरलं होतं.

घळीत सूर्य पोचत नाही. दगड शेवाळलेले, काटे हाताला, पदराला, केसांना. मी दर दहा पावलांना देवाचं आणि दर वीस पावलांना सासरच्या माणसांचं नाव घेत होते. खडकाशी आलो तेव्हा ताईंनी पिशवीतून कामावरच्या गुडघ्यांच्या गाद्या काढल्या, टायरच्या रबराच्या, आणि बांधल्या. "पाय वाकत नाहीत ना? राहू देत. गुडघ्यांवर उभं राहणं हा माझा धंदाच आहे." मी खालून खांदा लावला. त्या खडकाच्या अंगावरून एकेक गुडघा टेकत, कोपरं रोवत वर सरकल्या. मग पोटावर आडव्या होऊन मला हात दिला. तो हात म्हणजे सांडशी. मनगटाला दोन दिवस वळ होते.

माळावर वारा एवढा की बोललेलं ऐकू येईना. दोन टेकाडं होती, साठ पावलांच्या अंतरावर. बागेच्या बाजूच्या टेकाडावर मंडळाने दगड रचून लोखंडी पाटी रोवली होती, सर्वोच्च स्थान म्हणून. मी धावत जाऊन पाटीला हात लावला. ताई मात्र मध्येच उभ्या राहिल्या, एक डोळा बारीक करून. नवऱ्याने टेबल नीट पुसलंय का हे बघताना माझी नजर जशी असते, तशी फरशीचा उतार बघताना त्यांची.

"ही जागा खाली आहे," त्या म्हणाल्या.

"ताई, पाटी लावलीय!"

"पाटी लावली म्हणून जमीन वर येते का? ते पलीकडचं उंच आहे."

पलीकडच्या टेकाडावरही जाऊन आलो. मला तरी दोन्ही सारखीच दिसली. परतीच्या वाटेवर ताई सारख्या मागे वळून त्या टेकाडांकडे बघत होत्या. बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "पुढच्या रविवारी नळी घेऊन यायचं." मी कपाळाला हात लावला.

पाण्याची नळी म्हणजे लांबच लांब पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. फरशी समपातळीत बसवायला दोघं दोन टोकं धरतात. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं, मग मध्ये खोली असो की खड्डा. पुढच्या रविवारी ते वेटोळं ताईंच्या खांद्यावर, पाण्याचा डबा माझ्या पाठीवर, आणि आम्ही पुन्हा त्याच घळीत, त्याच खडकावर.

ताईंनी पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे काढले. दोन टेकाडांच्या मधल्या खळग्यात काठी रोवली. मी पाटीजवळ, ज्या दगडांत ती रोवली होती त्यांच्या माथ्याशी नळीचं टोक धरलं. "हलू नकोस. श्वाससुद्धा बेताने घे." काठीपाशी पाणी जिथे थांबलं तिथे त्यांनी दोरा बांधला. मग मी काठीशी आले, पाणी दोऱ्याला लावून धरलं, आणि त्या दुसरं टोक घेऊन पलीकडच्या टेकाडावर चढल्या.

पाणी माथ्यापर्यंत पोचलंच नाही. खालीच थांबलं. ताईंनी वाऱ्यात ओणव्या होऊन मोजलं. एक वीत चार बोटं. आम्ही टोकं बदलून पुन्हा मोजलं. एक वीत चार बोटं.

मला पाटी उपटून इकडे आणावीशी वाटली. ताईंनी अडवलं. "त्यांची आहे, राहू दे. चुकीच्या जागी बसवलेली ज्याची त्याने उचलावी." मग ताई त्या नाव नसलेल्या, पाटी नसलेल्या माथ्यावर पाय पसरून बसल्या आणि जेवणाचा डबा उघडला. असं ऐसपैस बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. चारी बाजूंना जमीनच जमीन होती, आणि सगळी त्यांच्या खाली.

उतरताना म्हणाल्या, "आज घळ नको. फाटकातून जाऊ."

पहारेकऱ्याने आम्हाला बागेच्या आतून येताना बघितलं आणि त्याच्या हातातला पेला कलंडला. "तुम्ही आत कशा आलात?"

"आत नाही आलो. बाहेर चाललोय," ताई म्हणाल्या. "बाहेर जायला चिठ्ठी लागते का?"

तो गोंधळला. "तसं काही सांगितलेलं नाही."

"मग उघडा."

त्याने उघडलं. ताईंनी त्याला अगदी रीतसर नमस्कार केला.

मी माझ्या कचेरीतल्या टंकयंत्रावर मंडळाला पत्र टंकलं. आकडा, पद्धत, तारीख, दोघींच्या सह्या. पाच आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, अनधिकृत मोजमाप मंडळ ग्राह्य धरत नाही. ताई तेव्हा एका दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीचे सांधे भरत होत्या. हात पुसून त्यांनी ते वाचलं, मला परत दिलं.

"मग त्यांनी अधिकृत नळी न्यावी. पाणी काही सभासद बघून थांबत नाही."

आणि हसत सुटल्या, इतक्या की दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली.

मंडळाच्या यादीत अजून जुनीच जागा आहे. परवा ताईंनी शेजारच्या प्रांताचा नकाशा आणला. चौदा जिल्हे आहेत. नवरा म्हणाला, "तू तरी समजाव हिला." मी त्याच्याकडे न बघता रजेचा अर्ज लिहीत होते.