ब्राह्मणपाऱ्यातला संगणकाचा वर्ग

“हात उचल. पहिले वाच, मंग दाब.”

असं म्हणून सर आमच्या हातातला माउसच काढून घ्यायचे. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, भाड्याच्या एका खोलीत, चार संगणकांवर आम्हा नवशिक्यांना शिकवायचा. राज्य नवं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि ऑफिसांतून टाइपरायटर हटत होते. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला लागलेली नोकरी संगणकाची परीक्षा पास झाल्यावरच कायम होणार होती. घरात दोन मुली. माझी धास्ती तुम्हाला कळेल.

सरांची पद्धत पाहून तुम्हीही वैतागला असता. वही दाराशी, चपलांजवळ ठेवायची. मी घरी जाऊन गुपचूप लिहायचे: ‘डावीकडून तिसरं चित्र, दोनदा दाबणे.’ एका शनिवारी त्यांनी पडद्यावरची सगळी चित्रं हलवून ठेवली. मी तिसरं दाबलं आणि पत्त्यांचा डाव मांडला गेला. सगळा वर्ग खो खो हसला.

“काहून असं करता सर? मले परीक्षा द्यायची आहे, पत्ते नाही खेळायचे!”

“मशीन बदलतच राहीन बाई. जागा पाठ करून किती दिवस पुरन? खाली नाव लिहून आहे, ते वाच न.”

मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी वर्ग नव्हता, पण राग होताच. सोमवारी ऑफिसात याच परीक्षेसाठी वर्ग शोधणाऱ्या चौघींना सांगितलं, “तिथं जाऊ नका, तो म्हातारा काही लिहूनच देत नाही.” त्या छापील नोट्स मिळायच्या तिथं गेल्या. मी मात्र सरांकडेच जात राहिले, कारण घराजवळ दुसरा वर्ग नव्हता.

परीक्षेत पत्र टाइप करून बंद करताना पडद्यावर एक चौकट आली. मी हात मांडीवर ठेवला आणि इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. केलेलं काम ठेवायचं का, असं ते विचारत होतं. मी ‘हो’ दाबलं. शेजारी त्या चौघींपैकी एक होती. तिनं न वाचता, नोट्समधल्या क्रमानं दुसरं बटण दाबलं आणि तिचं अख्खं पत्र गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

पास झाल्याचा कागद मिळाला तशी मी पेढे घेऊन वर्गावर गेले. दाराला कुलूप होतं.

“वो तो गोंदिया चले गए दीदी, बेटी के पास,” घरमालकीण म्हणाली. “नए लोग आना ही बंद हो गए थे.”

का बंद झाले ते मला ठाऊक होतं. मी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवला आणि निघाले.

त्यानंतर ऑफिसात कितीतरी मशिनी बदलल्या. माझं कधी अडलं नाही, निवृत्तीपर्यंत वाचत वाचत शिकत गेले. हे ज्यांना कळवायचं, त्यांचा पत्ता मी त्या दिवशी लाजेपायी मागितलाच नाही.