कॉलेजातल्या बैलाला आवतन

अकोल्यात पशुवैद्यकीय पदविकेच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. जुवानं खांदा सोललेला एक बैल कॉलेजच्या दवाखान्यात ठेवला होता. तो कुणालाच जखमेजवळ येऊ देत नव्हता. माझी पाळी आली. मी बाजूनं गेले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तोंडातून आपोआप निघालं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमच्या अंजनगावकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकताना असं आमंत्रण देतात. पोळा तर कधीचाच होऊन गेला होता. सगळा वर्ग खो खो हसला. मला अशी लाज वाटली की मी मान वर केलीच नाही. बैल मात्र शांत उभा राहिला आणि जखम धुऊन झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "काय गं, याला आज जेवायला बोलावलंस ना?"

"हो सर. आवतन देल्लं तं जेवाले घाला लागते," म्हणत मी एप्रनच्या खिशातून भाकर काढली.

मागं वळून पाहिलं, तर काल हसणाऱ्यांतल्या दोघांच्या हातात मेसच्या पोळ्या होत्या.