सोजरबाईंची खुशालीची पत्रं

सोजरबाई करमाळ्याजवळच्या खेड्यातल्या. सोलापुरात मामाकडे राहून मॅट्रिक झाल्या आणि मानसिंगरावांना दिल्या गेल्या. मानसिंगराव परराष्ट्र खात्यात अधिकारी होते. एकाहत्तरच्या अखेरीस त्यांची बदली कंबोडियातल्या वकिलातीत झाली. तिथं लढाई पेटलेली होती.

माहेरी आई बजाबाई आणि विधवा थोरली बहीण मुक्ताबाई. दोघींनाही वाचता येत नसे. पत्र आलं की गावातले जोतीराम गुरुजी ते वाचून दाखवत.

पहिलं पत्र सोजरबाईंनी खरं लिहिलं. पहाटे शहरावर रॉकेटं पडतात, जिन्याखाली बसून राहावं लागतं, कोपऱ्यावरची भाजीवाली परवा जागीच गेली. मानसिंगरावांनी ते वाचून फाडलं. वकिलातीतल्या माणसाच्या बायकोनं असलं लिहायचं नसतं, असं ते म्हणाले. पुढचं प्रत्येक पत्र त्यांच्या नजरेखालून जाऊ लागलं. मग सोजरबाई मेजवान्यांबद्दल लिहू लागल्या. रेशमी कापडं, नदीकाठचे बंगले, पाहुण्यांच्या ताटात उरलेला भात नोकर कसा टाकून देतात ते. बहात्तरच्या पावसाळ्यात, तिसरा महिना असताना, त्यांचा गर्भ पडला. दवाखाना जखमींनी भरलेला, म्हणून त्यांना व्हरांड्यात निजवलं होतं. त्या आठवड्याच्या पत्रात त्यांनी एका लग्नातल्या जेवणाचं वर्णन केलं.

इकडे पाऊस पडलाच नव्हता. बजाबाई आणि मुक्ताबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. उत्तरात मात्र गुरुजींनी 'आम्ही खुशाल आहोत' एवढंच लिहायचं, असं मुक्ताबाईंनी बजावलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये बजाबाई खडीच्या ढिगाजवळ कोसळल्या, त्या उठल्या नाहीत. तार गेली. मानसिंगरावांनी रजा मागितली नाही. सरकारी कामामुळे येणे होत नाही, असं त्यांनी स्वतःच कळवलं.

चौऱ्याहत्तरमध्ये परतल्यावर सोजरबाई एकट्याच माहेरी गेल्या. मुक्ताबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला. मग म्हणाल्या, "आई गेली त्याच दिशी तुजं पत्र आलं व्हतं. गुरुजींनी वाचलं, तितं भात टाकून देत्यात म्हनून. आई सकाळपास्नं उपाशी व्हती."

सोजरबाईंनी मग सगळं सांगितलं. रॉकेटं, जिना, व्हरांडा, फाडलेलं पत्र. मुक्ताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग त्येच लिवायचं व्हतंस की."

"आक्का, तुम्हीसुद्धा खुशालच लिहीत होतात."

"आमी तुला घोर लागू नये म्हनून लिवलं. तू कुनासाठी लिवलंस?"



मानसिंगरावांची पुढची बदली युरोपात झाली. सोजरबाई गेल्या नाहीत. सोलापुरात दोन खोल्या घेऊन राहिल्या आणि मुलींच्या शाळेत शिवण शिकवू लागल्या. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर परदेशी असतात, एवढंच सांगत.

दरवर्षी आईच्या श्राद्धाला त्या एसटीनं गावी जात. मुक्ताबाई पाट मांडत, वाढत, परक्या पाहुणीला करावा तसा आग्रह करत. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की सोजरबाई पिशवी उचलत. आजच्या दिवस राहा, असं मुक्ताबाई कधी म्हणाल्या नाहीत.