पायऱ्यांचा मेल

माणूस जातो, त्याचे शब्द मागे राहतात. दादरच्या एका सभागृहात, हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून मी हे वाक्य म्हणालो तेव्हा समोरच्या खुर्च्यांमधून माना डोलल्या. वाक्य वजनदार होतं, फक्त सुजाता तांबेला ते लागू पडत नव्हतं. तिने आयुष्याची उत्तम वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर घालवली त्यात माणसाच्या भाषेतले म्हणावेत असे तिचे शब्द जवळजवळ नाहीत. जे आहेत ते बहुतेक माझे आहेत. अडचण नेमकी तीच आहे.

बातमी मिलिंदने, तिच्या धाकट्या भावाने, फोनवर दिली. “ताई गेली,” एवढंच म्हणाला, आणि मी “कधी?” असं विचारलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. त्याच आठवड्यात परळच्या हॉस्पिटलात तिला भेटलो होतो. आजार तिने सांगितला तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. उशीला टेकून बसली होती, आणि मी काहीतरी हवापाण्याचं बोलत असताना मधेच म्हणाली, “टेस्ट चालतात ना?” तिच्या स्वतःच्या तपासण्यांचा विषय आम्ही दोघेही टाळत होतो, ती विचारत होती ते पोटमाळ्याबद्दल. मी म्हटलं, चालतात. “सगळ्या?” सगळ्या. “मग ठीक,” ती म्हणाली. मग डोळे मिटून, “आता किल्ल्या तुझ्याकडे. उगाच साफसफाई करत बसू नकोस...” मी हसलो. किल्ल्या म्हणजे पासवर्ड, एवढं मला समजलं होतं. साफसफाईचं नंतर समजलं.

पोटमाळा हे त्या सॉफ्टवेअरचं नाव. डिलाईल रोडच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर, फळ्यांचा पोटमाळा आहे. पितळेची भांडी, वडिलांचा गिरणीत न्यायचा डबा, कुणाकुणाच्या लग्नातल्या सतरंज्या त्यावर चढायच्या. काहीच टाकायचं नाही, पण मागितलं की सापडलं पाहिजे, हा तिच्या आईचा नियम. सॉफ्टवेअरही तेच करतं. ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत वर चढवून ठेवायची. ती कुणाला बदलता येऊ नये, पुसता येऊ नये, आणि शोधली की मिळावी. कोड सगळ्यांसाठी खुला आणि फुकट. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. परदेशातले दोघे-तिघे मदत करायचे आणि नावाचा उच्चार ‘पॉटमॅला’ असा करायचे. सुजाताने तो कधी सुधारला नाही. “वापरतायत ना, मग झालं.” एकदा कुठल्याशा कंपनीच्या साहेबाने तिला फार गोड भाषेत लिहिलं, की एकच, फक्त एकच मेल पुसण्याची सोय करून द्या. तिने उत्तर पाठवलं, की एक पुसता आला तर तो पोटमाळा नाही, ती कचऱ्याची पेटी. आणि पेट्या बाजारात पुष्कळ मिळतात.

लोअर परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आम्ही एकाच कंपनीत होतो. तिचे वडील त्याच गिरणीत होते. त्यावर कंपनीतल्या लोकांनी भावुक व्हावं अशी संधी तिने कधी दिली नाही. ती प्रोग्रॅमर, आणि मी मॅन्युअल लिहिणारा, म्हणजे जो मजकूर कुणी वाचत नाही तो शुद्ध लिहिणारा. एकदा ती फणसवाडीला आमच्या घरी आली. आईने चहा देता देता विचारलं, “तांबे म्हणजे कुठले गं?”

“डिलाईल रोडचे, काकू.”

“तसं नव्हे, मूळचे?”

“मूळचेही डिलाईल रोडचेच. त्याच्या आधीचं आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही.”

आई आत बिस्किटं आणायला गेली. मी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललं असावं तसा बघत राहिलो. पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रसंग मित्रांत हसून सांगायचो, आईचा किस्सा म्हणून. किस्सा आईचा होता, हे मला फार सोयीचं होतं.

मराठीचा प्रश्न नंतर आला. कुणीतरी कळवलं की पोटमाळ्यात काही मराठी मेल शोधूनही सापडत नाहीत. कारण निघालं ते ऱ्य. दऱ्या, पायऱ्या, कर्मचाऱ्यांना, या शब्दांतला तो पापणीसारखा आडवा र. तो दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र ती दोन निराळी अक्षरं वाटतात; एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर मिळत नाही. “मशीन तुझ्या आईसारखं आहे,” सुजाता म्हणाली. “दिसायला एकच असलं तरी विचारतं, कुठला?” दुरुस्ती तिने केली. पण दुरुस्ती टिकते की नाही हे बघायला नमुन्याचे मेल लागतात. कोडमध्ये कुणीही काही बदललं की मशीन ते मेल आत घालतं, शोधतं, जसेच्या तसे परत मिळाले का बघतं. खरे मेल यासाठी वापरता येत नाहीत, त्यात लोकांच्या खासगी गोष्टी असतात. “तू लिही,” ती म्हणाली. “तुला नाहीतरी न घडलेलं लिहायचा पगार मिळतो.”

मी फार हौसेने लिहिले. एक काल्पनिक कार्यालयच उभं केलं. गोखले साहेब रजा मंजूर करायचे, कर्णिक टिपणं परत पाठवायचे, देवधर बाई वाचनालयासाठी पुस्तकं मागवायच्या. आचार्यांचं निमंत्रण आचाऱ्यांना गेल्याचा एक मेल होता, त्यावर मी स्वतःच हसलो होतो. आणि एक मेल असा: ‘शिपाई कांबळे यांनी आजही पायऱ्या झाडलेल्या नाहीत. कृपया समज द्यावी.’ सगळ्या तपासण्या पास झाल्या, आणि माझं कार्यालय पोटमाळ्याच्या कोडबरोबर देशोदेशी गेलं.

काही महिन्यांनी आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. सुजाता शेंगा सोलत होती.

“दामले, तुझ्या त्या ऑफिसात कांबळेला एकदा तरी रजा दे रे.”

“कुठला कांबळे?”

“हां. कुठला कांबळे,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

मी विनोद समजून हसलो. घरी जायला रस्ता ओलांडताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पायऱ्या हा शब्द ऱ्यसाठी आला होता; ती व्याकरणाची गरज. कांबळे मी आणला होता. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता. साहेब म्हटल्यावर बोटांनी गोखले टंकलं, शिपाई म्हटल्यावर कांबळे... आई निदान विचारायची तरी. मला विचारण्याचीही गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती पाठवली, कांबळेच्या जागी पाटील. कारण लिहायचं असतं तिथे ‘किरकोळ भाषिक सुधारणा’ असं लिहिलं. सुजाताने ती नाकारली आणि खाली लिहिलं, ‘जुना मेल बदलत नाही. पोटमाळा कशासाठी आहे?’ मग मी एक नवाच मेल लिहिला. त्यात कांबळे कार्यालयाचे संचालक झाले होते आणि अधिकाऱ्यांना मार्गदर्शन करत होते. यावर तिने फोनच केला.

“एका मेलमध्ये प्रमोशन? मधे परीक्षा वगैरे काही?”

“मग काय करू ते सांग.”

“काही करू नकोस. तुझी लाज झाकायला कांबळेला साहेब करू नकोस, एवढंच.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला माफी तरी मागता आली असती. तिने पुढच्या आवृत्तीचं काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मैत्री तशीच चालू राहिली. तो मेलही.

शोकसभा कंपनीतल्या जुन्या लोकांनी भरवली होती. पोटमाळा म्हणजे नेमकं काय हे ज्यांना बहुधा त्याच दिवशी सकाळी कळलं होतं, अशा एका वरिष्ठांनी ‘डिजिटल अमरत्व’ या विषयावर बराच वेळ घेतला. माझी ओळख ‘मायमराठीचे मूक सेवक’ अशी करून दिली. मूक सेवकाने मग माइक हातात घेऊन शब्द मागे राहतात ते वाक्य म्हटलं, आणि ‘आम्ही दोघांनी’ असंही एक-दोनदा म्हटलं. नंतर चहाच्या टेबलापाशी मिलिंद आला. बँकेत आहे, हळू बोलणारा माणूस. “ताई घरी वाचून दाखवायची,” तो म्हणाला. “तुमचं ते ऑफिस. गोखले साहेब वगैरे. आई हसायची.” मग जरा थांबून, “आमच्याकडे तुम्हाला दामले म्हणून कुणी ओळखत नाही. पायऱ्यावाले म्हणतात.”

तो खवचटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो मला माझ्याच नावाची माहिती देत होता. हातातला कप कुठे ठेवावा ते मला सुचेना. “पुढच्या रविवारी घरी पुण्यानुमोदन आहे,” तो म्हणाला. “लॅपटॉप घेऊन या. ताईचं काम सगळ्यांना चालवून दाखवा.”

आता किल्ल्या माझ्याकडे होत्या. त्या खोलीत, तिच्या आईसमोर, पडद्यावर माझं वाक्य उमटणार हे दिसायला लागलं, आणि शनिवारी दुपारी मी तो मेल नमुन्यांतून काढून टाकायला बसलो. नाकारणारी आता नव्हती. मी स्वतःला कारणही दिलं, की तिच्या स्मृतीला हे शोभत नाही. गेलेल्याच्या स्मृतीच्या नावाखाली मागे राहिलेले स्वतःचं बरंच काही पुसून घेतात, हे इतरांच्या बाबतीत मी नेहमी लगेच ओळखत आलो आहे. मेल काढला, सगळ्या तपासण्या चालवल्या. एक नापास झाली.

मोडी येते असं सांगणाऱ्यांना जेवढी मोडी येते, तेवढाच मला कोड येतो. तरी ती तपासणी उघडून, अक्षर लावत वाचली. सुजाताने लिहिलेली होती, कट्ट्यावरच्या त्या संध्याकाळनंतर लवकरच. पोटमाळ्यातून काहीही पुसता येत नाही, याची खात्री करून घेणारी ती तपासणी. एक वापरकर्ता आत येतो, त्याला सगळे अधिकार असतात, तो एक ठरावीक मेल पुसायचा प्रयत्न करतो. पुसला गेला किंवा मेल जागेवरच नसला तर तपासणी नापास, नाकारला गेला तर पास. मेल पायऱ्यांचा होता. वापरकर्त्याचं नाव दामले.

म्हणजे इतकी वर्षं, जगात कुठेही कुणी पोटमाळ्यात टिंबाएवढा बदल केला, की दामले आत येत होता, सगळे अधिकार घेऊन तो मेल पुसायला जात होता, आणि हात हलवत परत येत होता. हॉस्पिटलात मी ज्या ‘सगळ्या’ टेस्ट चालतात म्हणून सांगितलं, त्यांत ही होतीच. “मग ठीक,” म्हणताना सुजाता माझ्याकडे बघत होती का, ते मी अजून आठवून बघतो... आठवत नाही. मी तेव्हा बहुधा खिडकीबाहेर बघत असणार.

मेल जिथल्या तिथे ठेवला.

रविवारी खोली भरून लोक बाहेर गॅलरीत उभे होते. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, मग मिलिंदने टेबलावर जागा करून दिली. मी तपासण्या सुरू केल्या, पडद्यावर ओळी धावू लागल्या. ती ओळ आल्यावर मी थांबलो आणि मोठ्याने वाचून दाखवली, पायऱ्यांच्या मेलसकट. यात धाडस काही नव्हतं. त्या घरात तो मेल माझ्याइतकाच सगळ्यांना पाठ होता.

“काय झालं?” सुजाताच्या आईंनी विचारलं.

“पास झाली,” मिलिंद म्हणाला.

“कोण, पायऱ्यावाले पास झाले?”

“नाही गं. ते नापास झाले, म्हणून टेस्ट पास झाली.”

त्यांनी मान हलवली. हे त्यांना आधी कुणीतरी समजावून दिलेलं असावं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही नीट जेवलात ना?” मी हो म्हटलं आणि वर पाहिलं. ओट्यावरचा पोटमाळा सतरंज्यांनी गच्च भरला होता. त्या वेळी सतरंज्यांकडे बघत राहणं मला सोपं वाटलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी मिलिंदला वाचायला पाठवला आणि विचारलं, की हीसुद्धा साफसफाईच झाली का? “असेल थोडी,” तो म्हणाला. “पण पायऱ्या राहू द्या.”

आता रोज सकाळी तपासण्यांचा निकाल मेलने मला येतो. पूर्वी तो तिला जायचा. ती चहाबरोबर पहिल्यांदा तोच बघायची, मीही तेच करतो. बाकीच्या ओळी मला फारशा कळत नाहीत. एक कळते. ‘वापरकर्ता: दामले. अधिकार: सर्व. पुसण्याचा प्रयत्न: नाकारला. निकाल: पास.’ या निकालाच्या मेलचीही एक प्रत पोटमाळ्यात जमा होते. तीही पुसता येत नाही.