आक्काच्या कमरेसाठी

आक्काला आयुष्यात जे जे मिळालं नाही, ते सगळं म्हणे तिच्या भल्यासाठीच. डोळे बिघडतील म्हणून शाळा सोडवली. खरं म्हणजे दोन धाकट्या भावांना सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. स्थळ आलं ते परतवलं, का तर 'लांबच्या गावी तुला करमायचं नाही.' जिने चढायला नकोत म्हणून खोली दिली तळमजल्यावरची, पाण्याच्या पंपाला खेटून. तिथेच बसून तिने लोकांच्या बोटींवरची ताडपत्रीची आच्छादनं शिवली. जन्म त्यात गेला, कंबरही त्यातच धरली, पण बंदराच्या भिंतीपलीकडचं पाणी तिने पाहिलं नव्हतं. सोसायची ताकद वाटताना देवाचा हात तिच्या बाबतीत जरा सैलच सुटला असावा.

म्हणून भावांनी हौसेची मोटरबोट घ्यायचं काढलं, तेव्हा तिने आपणहून वाटा घातला. एकच सांगितलं, "मला भिंतीबाहेर जायचंय."

धक्क्यावर विक्रेत्याने दोन बोटी लावून ठेवल्या होत्या. एक लहान, सपाट बुडाची. दुसरी चांगली लांब, खाली नांगराच्या फाळासारखी निमुळती. दोघांतल्या थोरल्या भावाने हात धरून आक्काला लहान बोटीत बसवलं. बोट हललीसुद्धा नाही.

"बघ, घरच्या पलंगावर बसल्यासारखं! हीच घेऊ. तुझ्या कमरेसाठीच."

"आणि माझ्या गाडीमागे लावून नेता येते," धाकटा बोलून गेला. थोरल्याने डोळे वटारले.

आक्काच्या डोक्यात तिडीक गेली. "भिंतीबाहेर काढा हिला," ती विक्रेत्याला म्हणाली.

"आक्का, बाहेर लाटा आहेत."

"दिसतायत मला. डोळे राखायलाच तर शाळा सोडवली होती ना!"

बाहेर पडताच एकेक लाट सपाट बुडाला खालून थोबाडीत मारू लागली. धाड, धाड! धाकट्याची जीभ दाताखाली आली. आक्काने कंबर दाबून धरली.

परतल्यावर ती मोठ्या बोटीत चढली. पाय ठेवताच बोट एका अंगाला कलली आणि आक्का गुडघ्यावर आदळली.

"सांगत नव्हतो?" थोरल्याला जवळजवळ आनंदच झाला.

तिने त्याचा हात झटकला आणि आपली आपण उठून बसली. बाहेर पाणी तेच, लाटा त्याच. पण हे बूड त्यांना कापत गेलं. भिंत मागे पडली, बारीक झाली. पुढे नुसतं पाणी. आक्का त्याच्याकडेही रागानेच बघत होती. एवढंसं अंतर, आणि त्यासाठी एवढी वर्षं!

बोट धक्क्याला लागली तसा थोरला म्हणाला, "चला, हौस फिटली. आता सपाटवालीचं नक्की करू. तुझ्यासाठीच म्हणतोय."

"माझ्यासाठी बोलायला मी मेले का? तोंड आहे मला! गाडीमागे बोट मिरवायचीय, असं सरळ बोला की. एकदा तरी खरं ऐकू दे. ती घ्यायची तर खुशाल घ्या, माझ्या वाट्याशिवाय आणि माझ्या कमरेशिवाय!"

"अगं, पण एवढी मोठी ठेवायची कुठे?" धाकटा कळवळला.

"पाण्यात! बोट आहे ती, कोंबडी नव्हे टोपलीखाली झाकायला."

थोरल्याने खाली उतरून तिच्यासाठी हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

"परत बाहेर न्या," ती विक्रेत्याला म्हणाली. त्याने थोरल्याकडे पाहिलं. "त्याच्याकडे काय बघता? गिऱ्हाईक इथे बसलंय."

धाकटा एक पाय धक्क्यावर टाकून घुटमळला, मग मुकाट्याने परत आत आला.

"गप्प बसणार असशील तर बस," आक्का म्हणाली.