दस्तगीरमास्तरांनी मांडलेला पसारा

मास्तरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझीच फजिती. नाटकात काम करायला मी अकलूजहून सोलापुरात आले होते. नवी पेठेमागच्या तालमीच्या हॉलमध्ये तरातरा शिरले, ती थेट जमिनीवर पसरलेल्या ओल्या पडद्यावर. रंगवलेल्या बागेत माझ्या चपलांचे ठसे उमटले आणि मला रडूच कोसळले. मास्तर शांतपणे म्हणाले, "असू द्या की बाई. बागेत पायवाट राहिलीच हुती." त्या ठशांवरूनच त्यांनी ती रंगवली.

आमचे हे नेपथ्यकार दस्तगीरमास्तर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. राजवाडा असो की चाळीचा जिना, पडदा वर गेला की पहिल्या टाळ्या त्यांच्या कामाला पडत आणि आम्ही नटमंडळी मनातल्या मनात जळत असू. मास्तर तेव्हा शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले असत. तिथून जे दिसले नाही, ते रंगवलेच नाही असे ते धरत.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच, आणि आजवर ते कुणाला ठाऊक नाही. ऐन उमेदीत माझी नजर जाऊ लागली. डॉक्टरांनी हात टेकले. नेमकी तेव्हाच एका नाटकात आईची मुख्य भूमिका मिळाली होती. दिग्दर्शकांना कळले असते तर ती गेलीच असती, आणि नाटकावाचून माझ्याकडे दुसरे होते तरी काय? एकदा तालमीत मी दाराच्या चौकटीवर आदळले. सगळे हसले, मीही हसले. मास्तर हसले नाहीत. चहाच्या वेळी बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "बाई, कधीपासनं दिसंना झालंय?"

मी हात जोडले, कुणाला सांगू नका म्हटले.

"मी कशाला बोलतोय? अनवाणी काम कराल का, तेवढं सांगा."

मग त्यांनी रंगमंचावर दाराशी खरखरीत चादर अंथरली, माजघरात चटई, पायरीच्या अलीकडे गोणपाट, आणि रंगमंचाच्या कडेला कापडाखाली जाड दोरी शिवली. प्रयोगात दिवे मंद झाले की मला काहीच दिसेनासे होई; मी पायांनी चाचपत जाई, दोरी लागली की थांबे आणि वाक्य बोले. कुणाला संशयसुद्धा आला नाही.

वर्तमानपत्रात मात्र आले, नेपथ्यकारांनी यंदा जमिनीवर नुसता पसारा मांडला आहे. दिग्दर्शक भडकले, सगळे उचला म्हणाले. आपल्या कामाचा केवढा अभिमान होता मास्तरांना! एका वाक्यात त्यांना खुलासा करता आला असता. ते एवढेच म्हणाले, "माझी चूक समजा. पण ऱ्हाऊ द्या." पसारा तसाच राहिला. मी विंगेत उभी राहून ऐकत होते. माणूस इतका मोठा असू शकतो, यावर माझा अजूनही नीट विश्वास बसत नाही.

मास्तर, आता मला काहीच दिसत नाही. हे भाची लिहून घेते आहे. तरी मी रंगभूमीवर काम करतेच आहे, तेव्हा लपवण्यासारखे काही उरलेले नाही. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, तुमच्या हातातला ब्रश अजून पुष्कळ वर्षे चालत राहो. आणि तेव्हा ते छापून आले होते, तर आता हेही छापून येऊ द्या: त्या नाटकात मास्तरांची काहीच चूक नव्हती.